पहिल्या रांगेच्या पुढचं टेबल

१

मिरादोर क्लबात कोण कोण यायचं, असं लोक नुन्झियो पासालाक्वाला म्हातारपणीही विचारायचे. कुठली नटी, कुठला मुष्टियोद्धा, कुठला गुंड. तो खेकसायचा. त्याला माणसं आठवत नसत, टेबलं आठवत. नऊ वर्षं ज्यानं टेबलं वाहिली त्याला दुसरं काय आठवणार?

क्लब म्हणजे गाणं आणि शॅम्पेन, असं वाटतं लोकांना. खोटं आहे. क्लब म्हणजे कोण कुणाच्या पुढं बसला.

मिरादोर न्यूयॉर्कमधे एका तळघरात होता. सतरा पायऱ्या उतरायच्या. आत रंगमंच वगैरे काही नाही. मधोमध लाकडी फरशी, तिच्यावरच लोक नाचायचे आणि तिच्यावरच खेळ व्हायचा. भोवती टेबलं. पहिली रांग आठवडाभर आधी भरलेली. आणि मग रात्री दहाला, कसलाही निरोप न देता, खरा मोठा माणूस उतरायचा. त्याला जागा नाही म्हणायची कुणाची छाती? मुख्य वेटर बर्तोली दाराशी उभा असायचा. तो कानाजवळ दोन बोटं उचलायचा, बस्स. जिन्याखालून दोन माणसं गोल टेबल काढायची, लोकांच्या डोक्यांवरून आणायची आणि पहिल्या रांगेच्याही पुढं, थेट नाचाच्या फरशीवर, मांडायची. चादर, दिवा, राखदाणी. पाहुणा शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत त्याची जागा तयार. मघाशी जे पहिल्या रांगेत ऐटीत बसले होते ते दुसऱ्या रांगेत गेलेले असायचे, आणि त्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. रात्र चढेल तशी फरशी आकसत जायची.

टेबल वाहणारी दोन माणसं म्हणजे नुन्झियो आणि एफ्राईन. एफ्राईन पोर्तो रिकोचा, बारीक, तोंडाळ. टेबल वाहताना एकाला पुढं तोंड करून चालावं लागतं, दुसऱ्याला पाठमोरं. पाठमोरा नुन्झियो. एफ्राईन ओठ न हलवता सांगायचा, "डावीकडं. माणूस आहे. पायरी. ठेव." नऊ वर्षांत नुन्झियोनं एकदाही मान वळवून मागं बघितलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला फार गर्व होता.

नियम दोनच. बर्तोलीच्या बोटांशिवाय टेबल मांडायचं नाही. आणि एकदा मांडलं की हॉलमधे एक जरी पाहुणा असेल तोवर उचलायचं नाही. मांडलेलं उचलणं म्हणजे कुणीतरी आलं नाही असं चारचौघांत सांगणं. मांडलेलं टेबल आणि दिलेला शब्द परत घेत नसतात, असं बर्तोली म्हणायचा. शब्द तो किती पाळायचा ते सोडा.

२

हिवाळ्यातला बुधवार होता. हॉलमधे आरशांनी मढवलेले चार खांब होते. पायऱ्यांखालून बर्तोली सरळ दिसायचा नाही, आरशात दिसायचा. त्या रात्री नुन्झियोला आरशात कानाजवळची दोन बोटं दिसली. त्यानं एफ्राईनला कोपर मारलं. दोघांनी टेबल काढलं, नेलं, मांडलं. खुर्ची एकच, कारण बोटं उचलून मग जो आकडा दाखवतात तो एकाचा होता.

कुणी आलं नाही.

बर्तोली तरातरा आला. ओठांवर हसू, कारण लोक बघत होते, आणि दातांतून शिव्या. कुणी सांगितलं होतं टेबल मांडायला?

नुन्झियो म्हणाला, तुम्हीच बोटं दाखवलीत.

"मी दोन्ही हातांनी एका बाईचा कोट धरून उभा होतो, गाढवा."

आता आली का पंचाईत. उचलता येत नाही. टेबल तसंच राहिलं, दिवा जळत राहिला, खुर्ची रिकामी. नुन्झियो स्वतःवरच चिडला. चूक होते माणसाच्या हातून, पण टेबलवाल्याच्या हातून ही चूक होत नाही. ती बोटं त्यानं पुन्हा आठवून बघितली. बाही तपकिरी होती. बर्तोलीचा कोट काळा असायचा. पण आरसे जुने, त्यांत काळ्याचं तपकिरी होतंच, असं त्यानं स्वतःला समजावलं.

दुसरा खेळ सुरू झाला तेव्हा मागच्या टेबलावरच्या एका जाड्या गृहस्थानं त्याची बाही ओढली. तोंडाला दारूचा भपकारा.

"त्या पुढच्याला जरा सरकायला सांग. त्याच्या डोक्यापलीकडं काही दिसत नाही."

नुन्झियोनं बघितलं. पुढं रिकामी खुर्ची होती. त्यानं मान हलवली, जसं बेवड्यांसमोर नेहमी हलवतात तसं, आणि निघून गेला.

३

दुसऱ्या रात्री बर्तोलीनं तीनदा बोटं उचलली. नुन्झियोनं मुद्दाम तीन तीनदा खात्री केली. तीन टेबलं मांडली. क्लब बंद झाल्यावर दोघं टेबलं परत जिन्याखाली लावायला लागले तर फरशीवर चार.

एफ्राईन म्हणाला, तूच मांडलं असशील दुसऱ्या कुणाबरोबर. नुन्झियो म्हणाला, मी काय बायको आहे तुझी, दुसऱ्याबरोबर जायला? हसले दोघं. पण चौथं टेबल उचलताना दोघंही हसले नाहीत. त्याच्या पायाशी फरशी ओली होती.

वरच्या मजल्यावरचा नळ गळत असणार. नुन्झियोनं छताकडं बघितलं. छत कोरडं होतं. मग कुणीतरी पेला सांडला असेल. फडक्यानं पुसून त्यानं फडकं नाकाशी धरलं. दारूचा वास नव्हता, कसलाच नव्हता. नुसतं थंडगार पाणी.

शुक्रवारीही तेच. शनिवारीही. मांडताना कुणी बघत नसे. गर्दीत, धुरात, वाद्यांच्या गोंगाटात कधीतरी ते तिथं असायचं, एक खुर्ची, दिवा लावलेला. बर्तोलीला वाटायचं नुन्झियोनं मांडलं, नुन्झियोला वाटायचं एफ्राईननं, आणि उचलायचं तर नाही. म्हणून बर्तोली रोज शिव्या घालायचा आणि रोज गप्प बसायचा. असा क्लब चालतो. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केलं.

शनिवारी मागच्या टेबलावर ओहायोहून आलेली एक म्हातारी होती. न्यायाधीशाची बायको, हातमोजे घातलेली, पाण्याशिवाय कशाला न शिवलेली. तिनं नुन्झियोला बोलावलं आणि अगदी अदबीनं सांगितलं की तिला तक्रार करायची नाही, पण पुढच्या सद्गृहस्थांना कुणी टोपी काढायची विनंती करील का?

नुन्झियो त्या रिकाम्या खुर्चीकडं गेला. लोक बघत होते, काहीतरी करणं भाग होतं. तो किंचित वाकला, खुर्चीच्या पाठीजवळ, आणि हवेला म्हणाला, माफ करा साहेब, टोपी.

परत आला तेव्हा म्हातारी म्हणाली, "थँक्यू. किती सभ्य आहेत ते."

४

नुन्झियोला एक मुलगी होती, रोसालिया. घरी लिया. बायको मेल्यावर त्यानं एकट्यानं वाढवली. पोरीला नाचाचं वेड. त्यानं आधी कानफटात मारून बघितलं, मग अबोला धरून बघितला, आणि शेवटी बापच तो, बर्तोलीच्या पायांशी गेला आणि पोरीला मिरादोरच्या आठ मुलींत लावून दिलं. त्या वेळी न्यूयॉर्कमधे नाइटक्लबात काम करायचं तर पोलिसांचं कार्ड लागायचं, अंगठ्याचा ठसा घेऊन दिलेलं. अठराच्या आत कार्ड नाही. लिया सतराची होती. नुन्झियोनं स्वतः पोलिसांपुढं उभं राहून जन्मसाल खोटं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांशी खोटं बोलला तो, पोरीसाठी.

आठ मुलींची ओळ उंचीनं लागायची. उंच मुली मधे, बुटक्या टोकांना. लिया सगळ्यांत बुटकी, म्हणून डाव्या टोकाला. पाहुण्यांच्या टेबलांना तिचा झगा घासायचा.

रविवारी दोघं घरी जेवत होते. सकाळपासून मंद आचेवर ठेवलेला टोमॅटोचा रस्सा, त्यात मटणाचे गोळे. लिया पावानं ताट पुसत होती. मधेच म्हणाली, "पपा, त्या पुढच्या टेबलावरच्या साहेबांना सांगा ना, पाय आत घ्यायला."

नुन्झियोचा घास तोंडातच राहिला. कुठले साहेब, त्यानं विचारलं.

"एकटे बसतात ते. तसे चांगले आहेत. मी गिरकी घेत आले की पाय ओढून घेतात. पण हल्ली उशिरा ओढतात. काल मी पडले असते."

दिसतात कसे, त्यानं विचारलं. लिया म्हणाली, दिवे डोळ्यांवर असतात, तोंड कुणाचंच दिसत नाही, पाय तेवढे दिसतात. तपकिरी पँट. बूट काळे.

"आणि ओले. एवढ्या श्रीमंत माणसाला गाडी नसेल का हो, पपा?"

ती हसली आणि आणखी रस्सा वाढून घेतला. सतरा वर्षांच्या पोरीला भूक फार असते.

५

नुन्झियो काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याच्या आईचा होता, आणि ती पन्नासाव्या वर्षी टायफॉइडनं मेली, भुतानं नाही. त्यानं हिशेब लावला. जाड्या प्यायलेला होता. म्हातारीची नजर गेलेली असेल. पोरीच्या डोळ्यांवर दिवे. तीन माणसांच्या तीन चुका. चुका तीनही होऊ शकतात.

सोमवारी क्लब बंद असायचा आणि दुपारी तालीम व्हायची. दिवसा क्लब बघू नये माणसानं. कामाचे पिवळे बल्ब लावलेले, खुर्च्या टेबलांवर उलट्या, पाय वर. भिंतींवरचे रंगीत पक्षी पुठ्ठ्याचे आहेत हे लगेच कळतं. शिळ्या सिगारेटीचा वास. पियानोवाला टोपी घालून सँडविच खात एका हातानं वाजवत होता. आठ मुली लोकरी मोज्यांत. फरशी पूर्ण मोकळी, एक टेबल नाही तिच्यावर. नुन्झियोनं स्वतः सकाळी झाडली होती.

तो बाजूला राखदाण्या पुसत बसला.

नाच बसवणारी मिस पर्ल टाळ्या वाजवून ठेका देत होती. ओळ फिरली, डावं टोक सुटलं, लिया गिरक्या घेत फरशीच्या कडेला गेली. आणि तिथं, मोकळ्या जमिनीवर, तिनं पाय उचलला. थोडासाच. उंबरा ओलांडतो तेवढा. मग पुढं गिरकी.

मिस पर्लनं थांबवलं. पुन्हा. लिया गेली, त्याच जागी पाय उचलला.

"रोसालिया, कशावरून उडी मारतेस?"

लिया थांबली. तिनं खाली बघितलं. मी उडी मारली? तिनं विचारलं. बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. मिस पर्ल म्हणाली, घोड्या मारतात तशी मारलीस. पुन्हा.

पाच वेळा झालं. चौथ्यांदा लियानं दात दाबून पाय जमिनीलगत ठेवला, तर तोल जाऊन ती अडखळली, जशी कशालातरी अडकून माणसं अडखळतात, आणि हवेला "सॉरी" म्हणाली.

नुन्झियोच्या हातातली राखदाणी पुसून पुसून गरम झाली होती. तो उठला आणि त्या जागेकडं चालत गेला. काही नव्हतं. पिवळा उजेड, घासलेलं लाकूड. फक्त एक गोष्ट. परवा रात्री त्या टेबलाखालचं पाणी जिथं पुसलं होतं त्याच्यापेक्षा ही जागा हातभर पुढं होती. ओळीच्या बाजूनं.

६

त्यानं मिस पर्लला विचारलं, पोरीला मधे घ्याल का? ती म्हणाली, मग मधे खड्डा पडल्यासारखा दिसेल. बर्तोलीला विचारलं. बर्तोली म्हणाला, टेबलवाल्यांनी आता नाच बसवायला घेतला का?

मग लियाशीच बोलला. सोडून दे म्हणाला. का, तिनं विचारलं. आता का ते काय सांगणार? माझ्या कामावरच्या टेबलाला मी घाबरतो असं सांगणार? तो म्हणाला, बाप सांगतोय म्हणून. ती म्हणाली, बापानंच तर लावलं. चिमण्यांसारखी भांडणं नव्हेत ही, शेजारणीनं भिंत ठोकली. त्या आठवड्यात लियाच्या पायावर, घोट्याच्या वर, निळा डाग दिसला. टेबलाला लागलं असेल, ती म्हणाली. डाग बोटांएवढा रुंद होता. चार होते.

शुक्रवारी दुपारी नुन्झियो बर्तोलीच्या खोलीत गेला, टोपी काढली आणि सांगितलं की पोरीचं जन्मसाल खोटं आहे. मीच खोटं सांगितलं. ती सतराची आहे.

पोलिसांना कळलं तर क्लबाला कुलूप लागेल, एवढं त्यालाही कळत होतं. संध्याकाळच्या आत लियाचं कार्ड काढून घेतलं आणि तिचे बूट कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले.

ती रडली नाही. घरी आली, ट्रंक भरली. प्रॉव्हिडन्सला मावशी होती. ती पोर बापाला जन्मभर आदरानं बोलली होती, त्यांच्याकडं सिसिलीत तशीच रीत. दारात उभी राहून तिनं त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"तू मला तिथं नेलंस आणि तूच बाहेर काढलंस. माझं म्हणून काही होतं का रे मधे?"

नुन्झियोनं ट्रंक उचलायला हात पुढं केला. तिनं तो झिडकारला. ट्रंक जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत खाली गेली.

७

लियाच्या जागी वांडाला उभं केलं. आता ओळीत तीच सगळ्यांत बुटकी. पोलिश पोर, स्क्रँटनच्या खाणवाल्यांची, पिंगट केस, आवाज जाडा. नुन्झियोला ती "मामा" म्हणायची, का कुणास ठाऊक. तिनं त्याला विचारलं, लिया खरंच सतराची होती का हो, मामा? मला वाटायचं माझ्यापेक्षा मोठी असेल, किती सफाईनं पाय टाकायची.

सांगायला हवं होतं. त्याच वेळी सांगायला हवं होतं की पोरी, डावं टोक सोड, पाय मोडल्याचं सोंग कर, घरी जा.

पण बर्तोली त्याला म्हणाला होता, "चार महिन्यांनी तुझी लेक अठराची होईल ना? नाचते झकास. ओळीत जागा रिकामी झाली तर नवं कार्ड काढून परत बोलावतो तिला."

जागा रिकामी झाली तर. म्हणजे लिया तिथं परत जायला नको तर जागा भरलेली राहायला हवी होती. नुन्झियो एवढंच समजला आणि गप्प बसला. शिवाय टेबल चार रात्री दिसलं नव्हतं. काही नव्हतंच मुळात, असं तो स्वतःला सांगायला लागला. आपण उगाच पोरीचं वाटोळं केलं. असंही त्याला वाटायला लागलं आणि ते जास्त बोचत होतं.

शनिवारी हॉल खच्चून भरला. बर्तोलीनं बोटं उचलली, या वेळी स्वतः, समोरासमोर, कुणी आमदार येत होता. नुन्झियोनं आणि एफ्राईननं टेबल उचललं. नुन्झियो पाठमोरा. एफ्राईन सांगत होता, डावीकडं, पायरी, माणूस, उजवीकडं. आणि मधेच तो बोलायचा थांबला.

नुन्झियो दोन पावलं तसाच चालला, सवयीनं. एफ्राईनचे डोळे त्याच्या खांद्यावरून मागं लागले होते. तोंड उघडं.

"बोल ना," नुन्झियो कुजबुजला.



नुन्झियोच्या पोटऱ्या कशाला तरी टेकल्या. बसलेल्या माणसाचे गुडघे. अंगभर माणसं शिवत असतात क्लबात, गुडघा म्हणजे काय ते टेबलवाल्याला न बघता कळतं. पँटचं कापड ओलं होतं, गारवा त्याच्या कातडीपर्यंत पोचला. मग ते गुडघे हळूच बाजूला झाले. त्याला जागा करून दिली. फार सभ्यपणे.

टेबल हवेत होतं. दोनशे लोक बघत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा मागं वळून बघायची वेळ आली होती आणि नुन्झियो वळला नाही. वळलो आणि कुणी दिसलं तर वांडाला ओरडून थांबवावं लागेल. वांडा थांबली तर जागा रिकामी, आणि लिया परत त्या जागी. हा विचार त्यानं पूर्ण केला, अगदी शेवटपर्यंत, टेबल हातात धरून. लोक म्हणतात भीतीनं डोकं चालत नाही. त्याचं चाललं.

त्यानं टेबल ठेवलं. एफ्राईन मागं सरला होता म्हणून चादर त्यानं एकट्यानंच पसरली, खाली मान घालून. एक खुर्ची. दिवा.

वाद्यं सुरू झाली. मुली आल्या. आमदार आला नाही, रस्त्यात बर्फ पडत होता असं नंतर कळलं.

या नाचाच्या शेवटी एक क्षण सगळे दिवे जायचे, एक ठेका अंधार, आणि उजेड झाला की मुली गुडघ्यावर बसलेल्या. रोजचंच होतं ते. अंधार झाला. उजेड झाला.

सात मुली होत्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही खेळच. नुन्झियो जिन्याजवळ उभा होता, समोर आरशाचा खांब. त्याला ते टेबल फक्त आरशात दिसत होतं, तेही दिव्यापुरतं. दिव्याच्या उजेडात चादरीवर दोन हात होते. एक मोठा, तपकिरी बाहीतला. त्याच्याखाली एक लहान, पालथा, बोटं ताठ केलेला. मग कुणीतरी सिगारेट पेटवली, धूर मधे आला.

नुन्झियो टेबलापाशी गेला तेव्हा तिथं दोन खुर्च्या होत्या. त्यानं एकच ठेवली होती. दोन्ही रिकाम्या. खाली पाणी.

८

पोलीस आले. मुली पळून जातात, ते म्हणाले, कुणा पैसेवाल्याबरोबर. वांडाचा कोट, टोपी, रस्त्यावरचे बूट, सगळं तिच्या खुंटीला होतं. बर्फात नाचाच्या झग्यात कोण पळून जातं, असं मिस पर्लनं विचारलं. त्यांनी ते लिहून घेतलं. नुन्झियोला विचारलं, तो म्हणाला, मी पाठमोरा होतो. खरंच होतं ते.

एफ्राईन दुसऱ्या दिवशी आला नाही, परत कधीच नाही. नुन्झियोनं आठवडा काढला. ते टेबल पुन्हा दिसलं नाही. बर्तोलीनं प्रॉव्हिडन्सला तार केली, अठराची झालीस की ये म्हणून, त्या तारेला लियानं उत्तरही दिलं नाही. नुन्झियोनं काम सोडलं, मासळीबाजारात बर्फ फोडायला लागला.

लियानं तिकडं एका न्हाव्याशी लग्न केलं. अकरा वर्षं बापाशी बोलली नाही, मग ईस्टरला पत्रं यायला लागली, मग ती स्वतः यायला लागली वर्षातून एकदा, मावसभावाच्या गाडीतून. कोकराचं मटण करायची, घर आवरायची, जायची. मिरादोरचा विषय दोघांनीही काढला नाही. क्लब कधीच बंद पडला होता, त्या तळघरात गाड्या उभ्या राहायच्या.

नुन्झियो ब्याऐंशीचा होता त्या वर्षी ती भांडी विसळत होती, पाठ त्याच्याकडं. अचानक म्हणाली, "वांडाचं पुढं काय झालं हो?"

तो पाव कापत होता.

"माझी जागा तिला मिळाली ना. कितीतरी वर्षं मी पेपरात तिचं नाव शोधायचे. सिनेमाच्या शेवटच्या पाट्या वाचत बसायचे, सगळे लोक उठून गेले तरी. वाटायचं, ती कुठं पोचली ते कळलं की मी कुठं पोचले असते ते कळेल."

नळ वाहत होता. नुन्झियोनं सुरी खाली ठेवली. तीस वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता, आणि तीस वर्षं त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटं, टोपी, पाणी, ठेवलेलं टेबल. लेक काय म्हणेल तेही माहीत होतं. ती म्हणेल, माझ्यासाठी? आणि मग तेही ओझं तिनं वाहायचं. दोन माणसांचं सामान ते, एकानं उचलू नये. पण दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

"काही नाही झालं तिचं," तो म्हणाला. "त्याच हिवाळ्यात सोडून गेली."

लियानं नळ बंद केला. ती वळली तेव्हा तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं होतं, वर्षानुवर्षं आवळलेलं.

"म्हणजे तीही नाहीच झाली काही."

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, तिनं पदरासारखा टॉवेल तोंडाला लावला, आणि टॉवेलामागं ती हसत होती, अगदी सतराची असताना हसायची तशी. तिनं त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला. खा पपा, म्हणाली, किती वाळलात.

नुन्झियोनं खाल्लं. सगळं ताट संपवलं.